तानूबाईच्या म्हशीसाठी

रूथमावशी, तुला हातगाडीवर निजवून माधवनगरपासून सांगलीच्या दवाखान्यापर्यंत ओढत नेलं ते तानूबाईनं. बाकीचं पुढं लिहीन, पण हे नाव पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ते तिथं लिहायला मला तीन दिवस लागले. आधीचे दोन कागद मी फाडले. त्यांत पहिलं नाव माझं होतं.

तुझी माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "हौसा, रूथबाईंवर तू लिही. मंडळीच्या मासिकात छापू." मी म्हटलं, "मी तिसरीतनं शाळा सोडलेली बाई. आणि तुमच्या मंडळीतलीबी न्हाई." ते म्हणाले, "चार वर्षं तिच्याबरोबर एका खोलीत कोण राहिलं?" म्हणून लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल ह्याची भीती आहेच. सुताच्या गठ्ठ्यावरच्या कागदावर जोडाक्षरं तूच मला पुन्हा गिरवायला लावलीस, तेव्हा जे चुकेल त्यातलं अर्धं तुझ्या माथी.

आणि मी हे लिहिते आहे तेव्हा तानूबाई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आहे. तुझी सख्खी जाऊ. एक डोळा चांगला, एक अजून पांढरा. तिचं बोचकं बांधून तयार आहे. मी "राहा" म्हटलं तर राहील, "जा" म्हटलं तर उद्या कुंडलकडं चालू लागेल. आठवडा होत आला, मला दोन्हीतला एकही शब्द तोंडातून काढता आलेला नाही. असलं काही अडलं की मी तुला विचारायची. आता तुझ्याचबद्दल अडलं आहे.

तू मला भेटलीस तो दिवस तुला आठवतो का? माझा धागा सारखा तुटत होता. लढाई चालू होती, मिल तीन पाळ्या चालायची, कांड्या भरायच्या खात्यात बायका कमी पडत होत्या, म्हणून माझ्यासारखीला घेतलं होतं. मी वडूजकडची, मेंढरांमागं वाढलेली. लोकर पिळून घोंगडीचं सूत काढायची बोटं ही, त्यांना मिलचं केसासारखं सूत कुठलं ऐकतंय? मी गाठ मारायची ती चिंचोक्याएवढी. मुकादम म्हणाला, "ही काय दोरखंड बांधती का काय?" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. माझी दोन बोटं धरून तुझ्या बोटांत घातलीस आणि दाताला न लावता बारीक गाठ कशी बसवायची ते दाखवलंस.

मग विचारलंस, "ऱ्हातीस कुठं?"

"देवळाच्या पडवीत."

"माझ्याकडं ये. मी किरिस्ताव हाय. चालंल का?"

मी लय विचार केला आणि म्हटलं, "माझं पाणी येगळं ठेवलं तर चालंल का?"

"ठेव की. दोन घागरी भरायला तुलाच लागतील."

दोन महिने मी दोन घागरी भरल्या. मग एक दिवस माझा मलाच कंटाळा आला.

मी घरातून का निघाले, ते तू कधी खोदून विचारलं नाहीस. मीच एक दिवस सांगितलं. नवऱ्यानं दुसरी आणली, म्हणून मी माहेरी गेले, तर दादानं उंबऱ्यावर आडवा हात धरला. "दिल्या घरी मर. हितं जागा न्हाई." आई आत चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. हे सांगताना मला वाटलं होतं तू म्हणशील, येशू म्हणतो माफ कर. तू म्हणालीस, "हात कंचा आडवा धरला हुता? डावा का उजवा?" मी म्हटलं, "डावा." तू म्हणालीस, "बघ, कसं ध्यानात ऱ्हातं." आणि भाकरी थापायला लागलीस. ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुझ्याही ध्यानात असाच एक उंबरा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

रविवारी तू सांगलीला किरिस्तावांच्या देवळात जायचीस. मी तुझ्याबरोबर चालत यायची आणि खिडकीखाली लिंबाच्या झाडापाशी तुझ्या चपला सांभाळत बसायची. आत सगळी मंडळी एका सुरात देवाकडचं मागणं म्हणायची. तुझा आवाज घोगरा, शंभरात ओळखू यावा असा. तर त्या मागण्याच्या मध्यात एक ओळ यायची आणि तुझा आवाज थांबायचा. बाकीच्यांचा चालू. ती ओळ सरली की तुझा पुन्हा सुरू. पहिल्यांदा वाटलं खोकला आला असेल. पण दर रविवारी, नेमका तिथंच.

मला त्याचं मोठं नवल वाटायला लागलं. मग माझी मीच खात्री करून घेतली की त्या ओळीत तुझ्या वारलेल्या मालकाचं नाव असणार. आमच्यात कुठली बाई नवऱ्याचं नाव घेते? किरिस्तावांतही तसंच असेल, त्यात काय. शेजारणीला विचारलं तर कळलं, मालकांचं नाव दाविद. पुढच्या रविवारी कान लावून बसले. दाविद काही आलं नाही. मग म्हटलं सासऱ्याचं असेल, नाहीतर थोरल्या दिराचं. त्यांचीही नावं काढून आणली. ती पण नाहीत. शेवटी परत येताना तुला म्हटलं, "मावशी, देवळात नाव घ्यायची लाज वाटत असंल तर उखाण्यात घे की. देवाला तेवढं चालंल."

तू वाटेतच थांबलीस. कसला उखाणा, कसलं नाव, ते तुला कळंना. मी सगळं सांगितलं तशी तू पुलाच्या कठड्याला धरून हसलीस. डोळ्याला पदर लावलास. आणि तो पदर बराच वेळ खाली आला नाही.

मग तिथंच कठड्यावर बसून मला ती ओळ सांगितलीस. ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही सोडलं आहे, तसं तू आम्हाला सोड, अशा अर्थाची ती ओळ. "मी सोडल्यालं न्हाई," तू म्हणालीस. "मग देवाम्होरं खोटं कसं बोलू? म्हणून गप ऱ्हाती. बाकीचं म्हणती. तेवढं सोडून."

आणि मग सुवार्ताचं सांगितलंस. तुझी चार वर्षांची मुलगी. तुम्ही बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीनं पाणी तोडलं होतं, तरी घरं भिंतीला भिंत लागून. पोरीला ताप भरला, डोळे फिरवायला लागली. मालक गावाला गेलेले. स्टेशन गाठायला गाडी हवी होती. तानूबाईच्या दारात गाडी सुटलेली, बैल दावणीला. तू पोर खांद्यावर टाकून उभी राहिलीस. तानूबाई उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "बाटलेलं माणूस घातल्यावर त्या गाडीत आमी परत बसायचं कसं? तुमच्या देवाला सांगा गाडी जुंपायला."

तू चालत निघालीस. ओढ्याच्या अलीकडं पोर खांद्यावर जड झाली. एवढंच सांगितलंस. जड झाली.

त्या दिवसापासून मी तानूबाईला ओळखायला लागले. तिला कधी बघितलं नव्हतं, पण रस्त्यात एखादी ठसठशीत बाई दिसली की मला ती तानूबाईच वाटायची. तुझा राग वीस वर्षांचा, जुना, वापरून मऊ झालेला. माझा करकरीत नवा होता. दादावर मी कधी इतकी रागावले नसेन. आता वाटतं, दादाच्या वाटणीचाही तिच्यावरच घातला होता का काय?

एकदा तुला विचारलं, "मावशी, तुझ्या धर्मात शत्रूसाठी मागायचं असतं ना? मग तू तिच्यासाठी कवाच मागितलं न्हाईस?"

तू जरा लाजलीस. म्हणालीस, "तिच्यासाठी तोंड उघडंना. पाळकसाहेब म्हणाले, जेवढं जमतं तेवढ्यापासनं लाग. मग तिच्या म्हशीसाठी मागाय लागले."

"म्हशीसाठी?"

"लय गुणाची म्हस हुती. तांबूस शिंगाची. तिनं कुणाचं काय वाकडं केलंया? म्हटलं, देवा, तानूबाईच्या म्हशीला दूध येऊ दे, पान्हा चोरू देऊ नगंस. रोज म्हणती."

मी हसले. पण मला ते राहून राहून आठवायचं. माणूस सोडून जनावरासाठी मागितलेलं मागणं देव कुठल्या बाजूला मांडत असेल?

गेल्या थंडीत एका रविवारी आपण देवळातून येऊन टेकलो होतो. दारात एक म्हातारी, हातात काठी, डोळ्यांवर पदराची सावली धरलेली. मला म्हणाली, "पोरी, रूथ म्हणून हाय, कुंडलकडची, ती हितंच ऱ्हाती का? मला दिसत न्हाई. डोळं दाखवाय आलीया, सांगलीत वळखीचं कोण न्हाई." तू तिच्यापासून दोन हातांवर उभी होतीस. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं ही कोण ते. मी दार लावायला हात पुढं केला. मावशी, तेव्हा माझाही डावाच हात होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू म्हणालीस, "तानूबाई, म्हस कशी हाय?"

म्हातारी दचकली. आवाज ओळखला. मग म्हणाली, "कंची म्हस?"

"तांबूस शिंगाची."

"ती व्हय? ती मरून बारा वर्सं झाली की."

तू खाली बसलीस. मला म्हणालीस, "हौसे, ऐकलंस का? मग मी एवढी वर्सं कुणासाठी मागत हुते गं?" आणि त्या पुलावर हसली होतीस तशी हसायला लागलीस. तानूबाईला वाटलं तू तिच्यावर हसतीस. ती काठी घेऊन वळली. तू तिच्या हाताला धरलंस आणि आत आणलंस. वीस वर्षांनी तिच्या अंगाला तुझा हात लागला तो असा, घाईघाईत.

त्यावर मी तुला किती वेळा छेडलं. बारा वर्षांची प्रार्थना वाया गेली म्हणायची. तू म्हणायचीस, "त्याच्याकडं काय वाया जात न्हाई. कुणाच्या तरी म्हशीला लागली असंल." खरंच, मावशी, कुठं गेली असेल ती? आता तू तिथंच आहेस, विचारून ठेव.

तानूबाईचा एक मोतीबिंदू काढला. दुसरा पिकलेला नव्हता, वर्षानं या म्हणाले. तिचा मुलगा न्यायला यायचा होता, तो आला नाही. ती राहिली. खोलीत आपण तिघी. मी तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हते. ताट तिच्यापुढं आपटायची. ती तुला म्हणायची, "तुझी ही पोरगी मला जेवाय वाढती का दगुड मारती?" तू म्हणायचीस, "दोनी एकदमच करती. तू भाकरी तेवढी झेल."

डोळ्याला हिरवी पट्टी होती तेव्हाचा एक रविवार. ती माझ्याबरोबर लिंबाखाली बसली होती. आत मागणं सुरू झालं. ती ओळ आली. मी वाट बघत होते तुझा आवाज थांबायची. तो थांबला नाही. जरा कापला, पण सगळी ओळ म्हणून पार गेला. तानूबाई म्हणाली, "रूथचा आवाज हाय न्हवं? काय म्हणती ती?" मी म्हटलं, "मला काय ठावं." मला ठाऊक होतं. तिला ते द्यायचं नव्हतं.

परत आल्यावर तू कांदा चिरत होतीस तेव्हा तुला एकटीला गाठून विचारलं, कसं जमलं? तू म्हणालीस, "मला वाटायचं तानूबाई त्या उंबऱ्यातच उभी हाय. तरणीताठी, दारात दुभती म्हस. म्हस मेली म्हणल्यावर कळलं, ती बाईबी कवाच गेली. ही म्हातारी कोण दुसरीच हाय. मग येशूला काय सांगू, कुणाला धरून बसलीया मी?" मग थांबून म्हणालीस, "आणि मी सोडलं असं म्हणू नगंस. पोर मुठीत खडा धरून निजलं तर सोडतंय व्हय? आई एकेक बोट उचलून मूठ उघडती. म्हशीचं मागणं हे त्यानं उचललेलं पहिलं बोट."

"पण तिनं तोंडानं चुकले म्हटलं का एकदा तरी?"

"न्हाई."

"मग?"

"ती म्हणंल तवा म्या सोडायचं, म्हंजी किल्ली तिच्याच कमरेला ऱ्हायली की."

मला पटलं नाही. अजून पुरतं पटलेलं नाही, खरं सांगते. चूक कबूल न करताच सुटका, हे कसलं? ह्यावरून आपलं दर चार दिवसांनी व्हायचं. शेवटचं झालं ते तू आजारी पडायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, "तिला घालव, न्हाईतर मी जाते." तू कांडीवरचा धागा सोडवत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "दारातनं परत गेल्यालं माणूस तू. तूच कुणाला दारातनं घालवाय सांगतीस?" मिलचा भोंगा झाला. मी चिडून निघून गेले. तुझ्या त्या बोलण्याला माझं उत्तर राहून गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी चालू असताना तुला ताप चढला. पाळी सुटल्यावर मुकादमानं सांगितलं तशी मी पळत सांगली गाठली. दवाखान्याच्या ओसरीवर तानूबाई बसली होती, दोन्ही तळहात सोललेले, खांद्यावर दोराचा वळ. मी पहिलं काय बोलले असेन? "मला का बोलवलं न्हाईस?" ती म्हणाली, "गेटावर गेले हुते. आत सोडंनात. तुझं खातं सांगता येईना मला." आत जाऊन ती खाली बसली आणि तुझं डोकं मांडीवर घेतलं. त्या जागी मी असायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात. तू दोन दिवस शुद्धीवर आली नाहीस. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली? काही म्हणाली नाहीस.

मातीनंतर मी हातगाडी परत करायला जळणाच्या वखारीत गेले. तिथं वखारवाल्यानं मला सांगितलं. तानूबाईनं तुला वखारीच्या हातगाडीवर घालून रस्त्यावर आणलं आणि आधी टांगा थांबवला होता. टांगेवाल्यानं तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, तापाचं माणूस घातलं तर माझ्या टांग्यात परत कोण बसंल? वखारवाल्याला वाटलं म्हातारी आता शिव्या घालणार. ती म्हणाली, "बरोबर हाय बाबा. मीबी असंच म्हटलं हुतं. पोर मेली." आणि गाडीचा दोर खांद्यावर घेतला. एक माणूस मागनं ढकलू म्हणाला, त्याला नाही म्हणाली.

मावशी, तू तिथंच गाडीवर होतीस. तू ऐकलंस का? हे एकच मला कळायला हवं आहे. तुझे डोळे मिटलेले होते म्हणतात. वीस वर्षांनी ते तिच्या तोंडून निघालं, आणि निघालं ते एका टांगेवाल्यापुढं. तू ऐकलंस, का ते पण म्हशीच्या मागण्यासारखं कुठंतरी भलतीकडंच जाऊन लागलं? का ते मलाच लागायचं होतं?

इथपर्यंत लिहिलं आणि थांबावं लागलं. तानूबाई उठली. बोचकं काखेत घेतलं. म्हणाली, "जाती मी, हौसा. ऊन चढायच्या आत. तुला माझा तिटकारा हाय ते मला एका डोळ्यानंबी दिसतंया." दारापाशी गेली. उंबऱ्यावर पाय चाचपायला लागली, कारण पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला तिला उंबरा दिसत नाही.

मला "राहा" म्हणता आलं नाही. माझ्या तोंडून निघालं ते, "दुसरा डोळा कवा करायचा सांगितलाय?"

ती वळली. "पिकल्यावर. आता कोण नेतंय?"

"बस खाली," मी म्हटलं. "त्या दिवशी देवळात रूथमावशी काय म्हणाली ते तुला सांगायचं ऱ्हायलंया."

मी ती ओळ तिला सांगितली, आणि तू ती आधी किती वर्षं गाळत होतीस, आणि कुठल्या रविवारी गाळली नाहीस, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. मग विचारलं, "आणि ते म्हशीचं काय म्हणत हुती ती?" ते पण सांगितलं. तेव्हा मात्र तिनं बोचकं खाली ठेवलं.

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेईन की नाही ते मला माहीत नाही. तुझ्या मागण्यातली ती ओळ माझ्यानं म्हणवत नाही अजून; तानूबाईपर्यंत आले तरी पुढं दादा उभा आहे. पण आज सकाळी तुझ्या देवाला म्हटलं, तानूबाईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी मागते. डोळ्यानं कुणाचं काय वाकडं केलं आहे? तू म्हणशील, हे पहिलं बोट.

आणि तानूबाईनं तुला ओढत नेलं त्याची फेड मी एक दिवस करीन, हे तुझ्यापुढं कबूल करते. तो डोळा पिकला की त्याच रस्त्यानं मी तिला सांगलीला नेईन. टांगा मिळाला तर टांग्यानं. नाही मिळाला तर वखारीत हातगाडी आहेच. जुंपायला मी आहे.